अर्धी नामावळ

त्या अनोळखी बाईनं पायावर डोकं टेकवलं तेव्हा सगुणाबाईला आधी कळलं ते एवढंच, की हे कपाळ तापलेलं आहे. उजव्या पायाला माघापासून काही कळत नव्हतं. पण बाईनं डोकं टेकवलं होतं डाव्यावर, आणि डाव्या पायाच्या बोटांवर ते ऊन कपाळ, कुंकवाचा ओलसर ठिपका आणि मग दोन थेंब, असं सगळं एकेक करून तिच्यापर्यंत पोचलं. अगं ऊठ, तुझ्या अंगात ताप आहे, घरी जाऊन पड जरा, असं तिला म्हणायचं होतं. वाक्य पुरतं तयार होतं. ते कुठं आहे हेसुद्धा तिला ठाऊक होतं. टाळूच्या मागं, ताटाखाली झाकून ठेवलेल्या भाकरीसारखं. तिनं तोंड उघडलं आणि देवीची नामावळ सुरू झाली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, स्वच्छ, खणखणीत, एकाही अक्षराला धक्का न लागता. एकशे आठ संपेपर्यंत बाई पायाशी हात जोडून बसून राहिली. संपल्यावर तिनं नारळ ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि दारात उभ्या असलेल्या शेजारच्या साखराबाईला म्हणाली, "मायनं माझ्यासाठी समदी नावं घेतली वं. एक बी सोडलं न्हाई."

"मंग? आमच्या गल्लीचं भाग्य हाये ते," साखराबाई म्हणाली. "मंगळवारी ये आता. मंगळवारी जास्त लागू पडतं."

बाई ताप घेऊन आली होती, ताप घेऊन गेली. सगुणाबाई खुर्चीत बसून तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडं बघत राहिली. लुगड्याचा काठ एका बाजूला उसवला होता. तेही तिला सांगायचं होतं.

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत सगुणाबाईच्या तोंडाला सगळे भीत असत, आणि सगळ्यांना ते हवंही असे. कुणाची सोयरीक अडली, कुणाच्या नळाला शेजारणीनं आधी हंडा लावला, कुणाचा नवरा चार दिवस घरी फिरकला नाही, की सगुणाबाईला बोलावणं यायचं. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात ती अठरा वर्षं बायांची मुकादम होती. ताडपत्रीवर चाळीस बाया दोन ओळींत बसायच्या, पुढ्यात सरकीचे ढीग, आणि फुटकं, पोचट, काळपट बी वेचून बाजूला टाकायच्या. सगुणाबाई मधून फिरायची. तिला वाकून बघावं लागत नसे. "द्वारके, तुझं ध्यान पोळ्याच्या बैलावर हाये का बियावर?" एवढं म्हटलं की दोन्ही ओळी हसायच्या आणि द्वारकेचा हात चालायला लागायचा. कुंभार पिंपळगावला माहेरी लहान होती तेव्हा बाप म्हणायचा, ही पोरगी झोपेतसुद्धा भांडते. लग्नात सासरच्यांनी विचारलं होतं, पोरीला काय काय येतं. तर मामा म्हणाला होता, बाकीचं शिकंल, बोलणं शिकवावं लागायचं न्हाई. तिला स्वतःचा चेहरा आठवायचा म्हटलं तर नीट आठवत नसे, आरशात ती फक्त कुंकवापुरतं बघायची. पण आवाज आठवायचा. मी म्हणजे कोण, असं कुणी विचारलं असतं तर तिला आपला आवाजच ऐकू आला असता, ताडपत्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

आणि नामावळ? ती तिची नव्हतीच, सासूची होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूनं तिला अंबडला देवीच्या डोंगरावर नेलं आणि पायऱ्यांवर बसवून एकेक नाव घोकून घेतलं. रोज सकाळी दिवा लावून म्हणायची. एकच अट होती. "सुरू केली की मोडायची न्हाई. कुणी मेलं तरी न्हाई. मोडली तर पुन्हा पहिल्यापासून." सगुणाबाईनं पंचवीस वर्षं मोडली नाही. पण खरं सांगायचं तर म्हटलीही नाही. नावं आपोआप चालायची आणि ती चुलीपुढं, नळापुढं, कारखान्याच्या टेम्पोत आपल्या विचारात असायची. आज कोण गैरहजर राहील, मेथी निवडायची राहिली, संपतची फाटकी चड्डी. एकदा संपत तीन वर्षांचा असताना त्यानं दुधाच्या पातेल्यात हात घातला. नामावळ अर्ध्यावर होती. सगुणाबाईनं त्याला उचललं, रांजणाशी नेलं, पाणी ओतत राहिली, पोर किंचाळत होतं आणि तिच्या तोंडातून नावं चाललेलीच होती, एकामागून एक. बाळा म्हणून हाक मारायला मध्ये जागा नव्हती. सगळी संपल्यावर तिनं पोराला छातीशी धरलं. सासू दारात उभी होती. म्हणाली, "अशी पाहिजे बाई." सगुणाबाईला त्या वेळी राग आला होता, सासूचा की देवीचा की स्वतःचा हे तिनं शोधलं नाही. संपतच्या मनगटावर तो डाग अजून आहे. आता तो मिलमधून रात्रपाळी करून येतो, तिला चहा पाजताना मनगट तिच्या डोळ्यांसमोर येतं आणि ती दुसरीकडं बघते.

माघातल्या त्या सकाळीही नावं चालू होती आणि ती कोथिंबिरीच्या देठांचा विचार करत होती. एकेचाळिसाव्या नावाशी जीभ आडवी झाली. काडी विझावी इतकं साधं झालं. समईकडं हात न्यायला गेली, तो गेलाच नाही. नंदा, सून, आतून म्हणाली, "आत्याबाई, गप का झालात?" आणि मग छत, टेम्पोची ताडपत्री, औरंगाबादच्या दवाखान्याचा हिरवा पडदा. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडावर धरला आणि तिच्या नवऱ्याला, तातेरावांना, समजावून सांगितलं. सगुणाबाईला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. "बोलण्याची जागा गेली आहे. पण पाठ असलेलं कधी कधी राहतं, ते वेगळीकडं असतं. पाढे, गाणी, शिव्यासुद्धा. बोलणं हळूहळू येईल, न आलं तरी आश्चर्य नाही." तातेराव टोपी हातात घेऊन मान हलवत होते. बाविसाव्या दिवशी नर्सनं विचारलं, आजी, नाव काय तुमचं? सगुणाबाईनं सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत देवीची एकशे आठ नावं म्हटली. वॉर्डातल्या पेशंटांचे नातेवाईक उठून उभे राहिले.

तेव्हापासून तेच. पाणी हवं असलं तरी नामावळ, उशी सरकवायची असली तरी नामावळ. एकदा सुरू झाली की थांबवता येत नसे. ती मनाशी किंचाळत असायची आणि तोंड शांतपणे देवीला आळवत असायचं. ज्याकडं जन्मभर लक्ष दिलं ते एकूण एक गेलं होतं. ज्याकडं कधी लक्षच दिलं नाही, तेवढं राहिलं होतं. देवघरासमोरच्या कोपऱ्यात बसून ती यावर विचार करी. विचारांना शब्द लागतात असं तिला पूर्वी वाटायचं. आता कळलं की लागत नाहीत. पण शब्द नसलेले विचार कुणाला देता येत नाहीत, ते आत साचतात, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून भरून ठेवलेल्या टाकीसारखे, आणि त्यांना वास यायला लागतो.

साखराबाईनं पहिल्यांदा हात जोडले ते उन्हाळ्यात. तिला डॉक्टरांचं म्हणणं पटलं नाही. "डागदराला काय कळतं? वाचा नेली ती आईनंच, अन् परत दिली ती बी आपल्या नावापुरती दिली. आता ह्या तोंडात दुसरं काही यायचं न्हाई. बिलकुल न्हाई." हे तिनं नळावर सांगितलं, गिरणीत सांगितलं. मंगळवार-शुक्रवारी बाया येऊ लागल्या, आधी गल्लीतल्या, मग स्टेशनकडच्या, मग खेड्यांवरून एसटीनं. नंदा आत्याबाईंना न्हाऊ घालून, केस विंचरून, स्वच्छ लुगडं नेसवून खुर्चीत बसवी. नंदाला यात काही मिळवायचं नव्हतं. लोकांसमोर घर नीट दिसावं एवढंच. तातेरावांना मात्र डॉक्टरांचे शब्द ठाऊक होते. सगुणाबाई त्यांच्याकडं बघायची. तुम्ही होता ना तिथं, सांगा ना ह्यांना. ते नजर चुकवून बाहेर जात. ते कामाला होते त्या गोदामात आधी लोक त्यांना हळू आवाजात विचारायचे, कशी आहे बाई? आता उठून जागा देत होते. माणसाला कीव नको असते हे तिलाही कळत होतं. तिच्या जागी तातेराव आजारी पडले असते आणि लोकांनी त्यांच्या पायावर नारळ ठेवले असते, तर ती तरी काय बोलली असती? बोलली असती. ती बोलली असती.

एवढी माणसं घरात कधी आली नव्हती आणि एवढं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. पूर्वी बाया तिच्याजवळ येऊन बसायच्या, मांडीला मांडी लावून, आणि जाताना काहीतरी ऐकून जायच्या. आता पायाशी बसत. तिच्या तोंडाकडं बघत, डोळ्यांकडं कुणी बघत नसे. कारखान्यातली द्वारका एकदा आली. सगुणाबाईचा जीव वर आला, ही तरी म्हणेल, काय मुकादमीणबाई, गप कशा? द्वारका खाली वाकली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "माय, माझ्या पोरीचं पाहा." सगुणाबाईला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. पण डावा हात उचलला तो तिच्या डोक्यावर पडला, आणि द्वारका धन्य झाली.

त्या तापलेल्या कपाळाच्या बाईनंतर मात्र तिला राहवेना. त्याच संध्याकाळी साखराबाई गल्लीच्या मंडळाची दोन माणसं आणि एक हिरवं लुगडं घेऊन आली. नवरात्रात मांडव घालणार होते. "नऊ दिवस, आरतीच्या आधी, माय नामावळ म्हणणार. मांडवात, देवीच्या शेजारी खुर्ची. कर्णा लावू. भाऊजी, तुम्ही काय म्हणता?"

तातेरावांनी सगुणाबाईकडं बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिला काही विचारलं. "बसशील ना?"

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तिनं तोंड घट्ट मिटून मान हलवली. पण मानेचाही आता काही भरवसा राहिला नव्हता, आडवी हलवायला गेली ती उभी हलली. लुगडं मांडीवर आलं ते तिनं डाव्या हातानं ढकललं. "हात लावला, हात लावला," साखराबाई म्हणाली. "डावा का व्हईना. घडी मोडली मायनं." आणि मग तोंड उघडलंच, आणि पहिलं नाव बाहेर आलं, आणि मंडळाच्या माणसांनी चपला काढल्या.

घट बसायला अकरा दिवस होते. दुपारी संपत रात्रपाळीची झोप काढायचा, नंदा माडीवर वाळवणं बघायला जायची. सगुणाबाई भिंतीला धरून, पाय ओढत, मागच्या दारी रांजणाजवळच्या फरशीवर जाऊन बसे. एक शब्द हवा होता. कुठलाही, पण आपला. मांडवात देवीच्या शेजारी एकदा बसली की आपण कायमच्या तिथल्याच होणार, याची तिला पक्की खात्री वाटत होती. त्या खुर्चीतून उतरायला पुढं वाट असणार नाही. ती रांजणाकडं बघायची. रांजण, म्हणायचा. तो दिसत होता, त्याच्या मातीचा गारवा, तळाशी साचलेलं शेवाळ, सगळं होतं. त्याच्या नावावर तेवढं ओलं फडकं टाकलेलं. ती तोंड उघडायची आणि नामावळ धावत यायची.

चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. एकेचाळिसाव्या नावाशी एक श्वास अडतो. इतरांना ऐकू न येण्याइतका. त्या माघातल्या सकाळी जिथं साखळी तुटली होती तिथं सांधा जरा सैल राहिला होता. तिथं दात मिटले तर? तिथं थांबलं तर?

हे मनात आलं आणि तिनं वळून आत देवघराकडं बघितलं. मोडायची. जाणूनबुजून. आजारानं मोडली ती गोष्ट वेगळी; तो देवीचा हात होता असं म्हणता येत होतं. आता मोडणार ती सगुणा. पोराचा हात भाजला तेव्हा मोडली नाही ती आज मोडायची, कशासाठी, तर रांजण म्हणता यावं म्हणून? तिनं त्या दिवशी दोनदा पूर्ण नामावळ म्हटली, केवळ असा विचार आला म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा फरशीवर जाऊन बसली. सदतीस. अडतीस. देवी कुठं असते, असं तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. नावांत असते, हे धरूनच चाललं होतं. पण पंचवीस वर्षं नावं चालली होती आणि ती तर कोथिंबिरीत होती. मग तिथं कोण होतं? चाळीस. एकेचाळीस. तिनं दात मिटले.

काही झालं नाही. माडीवर नंदा काहीतरी सरकवत होती. लांबून स्टेशनवर गाडीची शिट्टी झाली. बेचाळिसावं नाव दातांवर आतून धडका मारत होतं, हात पसरून दार अडवावं तशी ती त्याला अडवून बसली. आणि मग, कुठल्या कुठून, ओठांतून निघालं, "खराटा."

रांजण नव्हे. खराटा जवळपासही नव्हता. तिला हसू आलं. हसण्याचा आवाज आला आणि तो तिचा होता, ताडपत्रीवरचा, जुना. ती घाबरली, डाव्या हातानं कान धरला, पहिल्यापासून पूर्ण नामावळ म्हटली, मग आणखी एकदा. त्यानंतर तिनं मनाशी नेम केला: एक अर्धी मोडली की दोन पूर्ण म्हणायच्या. देवीनं हे मान्य केलं की नाही कळायला मार्ग नव्हता. सहा दिवसांत सहा अर्ध्या झाल्या. मिळालं काय? खराटा. मंगळवार. चुलता. दोनदा नुसता श्वास. एकदा अशी शिवी, की संपत झोपेत कुशीवर वळला आणि तिला वाटलं, ऐकली. नाही हा शब्द एकदाही आला नाही. जे हवं ते सोडून घरातल्या सगळ्या वस्तू कुणी बाहेर आणून टाकाव्यात, तसं चाललं होतं.

घट बसले. हिरवं लुगडं, नथ, कपाळभर कुंकू. देवीच्या मूर्तीच्या उजवीकडं खुर्ची. पहिल्या माळेला दोनशे बाया होत्या असं साखराबाई म्हणाली. सगुणाबाईनं एकेचाळिसाव्या नावाशी थांबायचं ठरवलं होतं. पण कर्ण्यातून आपलाच आवाज परत अंगावर आला आणि ती त्यात वाहून गेली. त्या आवाजात मुकादमीणबाई कुठंही नव्हती. ही दुसरीच कुणीतरी होती, गोड, थंड, आणि तिचं फार चांगलं चाललं होतं. दुसऱ्या माळेलाही तसंच. घरी आल्यावर नंदानं नथ काढली तेव्हा नाकाला दुखतंय हे सांगता आलं नाही.

तिसऱ्या माळेला खेड्यावरून दोन टेम्पो आले म्हणून तिला चारलाच नेऊन बसवलं. नंदा ओट्या भरणाऱ्यांच्या रांगेत अडकली. पाच वाजले. साडेपाच. बाया येत होत्या, पायावर पाणी घालत होत्या, आणि गार पाणी पायावर पडलं की सगुणाबाईच्या ओटीपोटात कळ उठत होती. तिनं नंदाकडं बघितलं. नंदा पाठमोरी होती. तातेराव मांडवाच्या दाराशी नवा सदरा घालून उभे होते, येणाऱ्यांना वाट दाखवत. तिनं डावा हात वर केला. समोरच्या ओळीतल्या बायांनी डोकी टेकवली. शेजारी देवी बसलेली होती, मातीची, रंगवलेली, अठ्ठावीस तास किंवा अठ्ठावीस वर्षं बसू शकेल अशी. सगुणाबाईनं तिच्याकडं तिरक्या डोळ्यांनी बघितलं आणि तिला पहिल्यांदाच स्वतःत आणि तिच्यात नेमका फरक काय ते समजलं. तो फरक आता फार वेळ धरून ठेवता येणार नव्हता.

सहाला साखराबाईनं माइक तिच्या तोंडाशी धरला. नामावळ सुरू झाली. प्रत्येक नावाला कळ. वीस. पंचवीस. घाम कुंकवात उतरून डोळ्यात गेला. छत्तीस. आपण इथं, या हिरव्या लुगड्यात, सगळ्यांसमोर ओल्या होणार, आणि हे लोक त्यालाही तीर्थ म्हणतील, असं तिच्या मनात आलं. एकेचाळीस. तिनं दात मिटले.

कर्णा नुसता खरखरत होता. बायांच्या माना वर झाल्या. बेचाळिसावं नाव आतून धडका मारत होतं. तिनं त्याला अडवलं, डोळे मिटून, उजव्या बाजूचा मेलेला हातसुद्धा जणू मदतीला घेऊन.

"मुतायला," सगुणाबाई म्हणाली.

कर्ण्यातून ते गल्लीच्या दोन्ही टोकांना गेलं. मागं कुणीतरी पोरगी फिस्सकन हसली आणि तिच्या आईनं तिला चापट मारली. साखराबाईनं माइक पदरात लपवला, मग पुन्हा काढला, आणि म्हणाली, "माय काहीतरी सुचवून राह्यली... ह्याच्यात आईचा काही संकेत..."

"मुतायला," सगुणाबाई पुन्हा म्हणाली, आता अधिक स्पष्ट. आणि मग न मागता, न शोधता, दुसरा शब्द पहिल्याच्या मागोमाग चालत आला. "जल्दी."

नंदा रांग मोडून धावली. तिनं आत्याबाईंना काखेत धरून उचललं, बाया दोन्हीकडं सरकल्या, आणि त्या वाटेनं दोघी निघाल्या. हिरव्या लुगड्याचा सोगा मागं फरफटत होता. तातेराव दाराशी होते. ते बाजूला झाले. घरच्या मोरीत पोचेपर्यंत थोडं उरकलंच होतं, पण थोडंच. नंदा तिथंच तिच्यासमोर उकिडवी बसली, तोंडावर पदर, आणि तिचे खांदे हलत होते. हसते की रडते ते तिचं तिलाही माहीत नसावं. "आत्याबाई," ती म्हणाली, "पुन्हा म्हणा बरं एकदा." सगुणाबाईनं तोंड उघडलं. नामावळ आली. बेचाळिसाव्या नावापासून.

चौथ्या माळेला बोलावणं आलं नाही. मांडवात नामावळीची कॅसेट लावली होती, कुठल्याशा मोठ्या गायिकेची, संगतीला तंबोरा. मंगळवार आला, गेला. शुक्रवारी खेड्यावरची एक म्हातारी दारापर्यंत येऊन साखराबाईशी काहीतरी बोलली आणि तिथूनच परत वळली. साखराबाई आता अंगणात दिसली तरी मान खाली घालून धुणं पिळायची. तिला फसल्यासारखं वाटत असणार. सगुणाबाईला तिची दया आली, आणि थोडी शरमही वाटली, कारण साखराबाईची भक्ती खरी होती. घर रिकामं झालं. खुर्ची नंदानं आत नेली. दुपारी फक्त घड्याळ आणि संपतचं घोरणं. हे एकटेपण आधीच्यापेक्षा मोठं होतं, त्याच्यात कुणीच नव्हतं. पण निदान त्याच्यात ती होती. रांजणाजवळच्या फरशीवर बसून ती अर्धी नामावळ म्हणायची, थांबायची, येईल तो शब्द घ्यायची. बादली. उद्या. पोर. दोन पूर्ण म्हणायचा नेम तिनं सोडला नव्हता. मात्र त्या दोनही आता पूर्वीसारख्या पळत नव्हत्या. एकेक नाव आलं की ती त्याला जरा थांबवून बघायची, कोण गं तू, म्हणून.

तातेराव सात दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना पाठ, निजताना पाठ. दसऱ्याला संध्याकाळी ते सोनं वाटायला निघाले, खिशात आपट्याची पानं, डोक्यावर टोपी. उंबऱ्यात एक चप्पल पायात सरकवली आणि एकदम वळले.

"थोडी कळ काढता आली नसती तुला? घटका दोन घटका?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस. गोदामात माझ्यामागं हसून राह्यलेत लोक. तुला समदं कळतं. पहिल्यापासून कळतं, मला काय ठाऊक न्हाई? मंग अशी का वागलीस?"

नंदा आत ओट्याशी थबकली. सगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या अंगावरून काहीतरी ऊबदार सरकत गेलं. आठ महिन्यांत तिच्यावर कुणी रागावलं नव्हतं. मुलाला भरवतात तसं तिला भरवलं होतं, देवाला बसवतात तसं बसवलं होतं. पण तू अशी का वागलीस, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि हा माणूस नुसता ओरडून निघून चालला नव्हता. उंबऱ्यात उभा होता. याला उत्तर हवं होतं.

उत्तर तिच्याजवळ होतं, आणि चांगलं धारदार होतं. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही कुणाला सांगितलंत का, इथपासून ते सुरू होत होतं आणि नव्या सदऱ्यापर्यंत जात होतं. तिनं तोंड उघडलं. पहिलं नाव दातांशी येऊन उभं राहिलं. तिनं ते तिथंच धरलं, प्रेमानं, पाहुण्याला जरा थांबा म्हणावं तसं. मागून काही येतंय का, याची ती वाट बघू लागली.

"काय?" तातेराव म्हणाले. आणि मग जरा खालच्या आवाजात, "बोल ना."

बाहेर गल्लीत पोरं सोनं घ्या सोनं घ्या करत पळत होती. तातेरावांचा एक पाय चपलेत होता, एक फरशीवर. ते तसेच उभे राहिले, तिच्या डोळ्यांकडं बघत.